गळतीमास्तरांचा नेचा

गळतीमास्तर कधीच कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. ते नळदुरुस्तीचं काम करायचे, चांगली बत्तीस वर्षं. पण वॉशर बदलायला पाच मिनिटं आणि त्यावर व्याख्यान पंचवीस मिनिटं अशी त्यांची पद्धत, म्हणून गल्लीने त्यांना मास्तर करून टाकलं. "तुम्ही नळ पिळता, बघा. अहो, नळ आहे तो, ओला टॉवेल नाही! पाणी थांबलं की हात थांबला पाहिजे." समोरच्या बाईचं दूध गॅसवर असायचं, तिचा एक पाय स्वयंपाकघराकडे वळलेला असायचा, तरी धडा पुरा झाल्याशिवाय तिची सुटका नसायची. हाताला मात्र माणूस पक्का. भिंतीला कान लावून आतला पाइप कुठे झिरपतोय ते बोट ठेवून सांगायचे, आणि फोडलं की नेमकी तिथेच ओल निघायची.

गळण्याचा त्यांना मनापासून राग होता. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले आणि आत कुठेतरी टप टप ऐकू आलं, की संपलंच. यजमान मुलाच्या नोकरीचं सांगतायत आणि यांचं लक्ष बाथरूमकडे. चहा अर्धा ठेवून उठायचे आणि खिशातला पाना काढायचे. बायको डोळे वटारून "अहो, बसा की!" म्हणायची, पण ते कुठले बसतायत.

बायको पडदे शिवायची. एका दुकानाचं कापड घरी यायचं, पुढच्या खोलीत शिलाई मशीन होतं आणि खोलीभर दुसऱ्यांच्या खिडक्यांचे पडदे पसरलेले असायचे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक लांबट बाथरूम. त्या बाथरूमच्या खिडकीत उजेड यायचा, ऊन म्हणून कधी येत नसे. या घरात एकच मुलगी. लहानपणी तिचा पाय एका जागी ठरायचा नाही म्हणून मास्तर तिला भिंगरी म्हणू लागले, आणि शाळेतलं नाव शाळेपुरतंच राहिलं.

ही भिंगरी सतराव्या वर्षी दोन बसथांबे पलीकडच्या रोपवाटिकेत सुट्टीपुरती कामाला लागली आणि तिथेच रमली. बरं, रमावं तर गुलाबात, जास्वंदीत! तिला वेड लागलं नेच्यांचं. म्हणजे तेच, ज्याला दुकानात फर्न म्हणतात. कुंडीतून कारंज्यासारखी उसळणारी नुसती पानं. एक घरी आलं, मग दुसरं आलं, आणि वर्षभरात बाथरूमची खिडकी, वरची फळी, पाण्याच्या टाकीखालचा कोपरा, सगळीकडे नेचेच नेचे.

"ना फूल, ना फळ, ना वास," मास्तर म्हणायचे. "मी आंघोळ करतोय की रानातून वाट काढतोय, कळत नाही."

"बाबा, तुमच्या आंघोळीची वाफ त्यांना आवडते. तुम्ही आंघोळ केलीत की ती खूश असतात."

"म्हणजे मी आता झाडांसाठी आंघोळ करायची?"

"निदान झाडांसाठी तरी करा," बायको मशीनवरून म्हणायची.

भिंगरीचे नियमही एकेक. पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलंच घालायचं, कारण नळाच्या ताज्या पाण्यातलं औषध नेच्याला सोसत नाही. यावर मास्तर आठवडाभर फुगून बसले होते. सगळ्या गल्लीला ज्याने पाणी पोचवलं, त्याच्या नळाचं पाणी एका गवताला चालत नाही म्हणजे काय! एकदा त्यांना एका पानाच्या पाठीमागे तपकिरी ठिपके दिसले, रांगेने, नीट ओळीत. त्यांना वाटलं, कीड. पोरगी घरात नाही, तर आपणच काहीतरी केलं पाहिजे, म्हणून त्यांनी साबणाचं पाणी केलं आणि कापसाच्या बोळ्याने एकूण एक पान पाठीमागून पुसून काढलं. दोन तास लागले. भिंगरी आल्यावर त्यांनी मोठ्या ऐटीत दाखवलं. तिने पाहिलं आणि बाथरूमच्या दारातच खाली बसली, पोट धरून हसत.

"बाबा, कीड नाही हो ती! नेच्याला बी नसतं, ते ठिपकेच त्याचं बी. तुम्ही त्याची सगळी पिल्लं धुऊन टाकलीत."

मास्तर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. पण पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी मोरीचा पाइप काढता काढता ते त्या घरच्या आजोबांना सांगत होते, "नेच्याला बी नसतं, माहिती आहे का तुम्हाला? पानाच्या पाठीवर ठिपके येतात. आमची मुलगी त्यातली जाणकार आहे." घरी याचा एक शब्द नाही. घरी आपलं तेच, ना फूल, ना फळ.

वितुष्ट आलं ते नोकरीवरून. भिंगरी तेवीस वर्षांची झाली होती आणि अजून रोपवाटिकेत माती कालवत होती, हे मास्तरांना खुपत होतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एक साहेब होते, त्यांच्या घरचे नळ मास्तरांनी वर्षानुवर्षं सांभाळलेले. ज्या माणसाने कधी कुणापुढे मान वाकवली नाही, तो त्या साहेबांच्या दारात चार वेळा जाऊन उभा राहिला. कारकुनाची जागा, पंख्याखालचं टेबल, पोरीचं आयुष्य मार्गी लागेल. साहेबांनी मुलाखतीला बोलावलं. आणि त्या दिवशी भिंगरी मुलाखतीला गेलीच नाही. तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या बागेतून पत्र आलं होतं. तिथे काचेचं घर होतं, त्यात नुसते नेचे, शेकडो जातींचे, आणि त्यांची देखभाल करायला माणूस हवं होतं.

"मी साहेबाला काय तोंड दाखवू?" मास्तर ओरडले.

"मी तुम्हाला विचारलं होतं का त्यांच्याकडे जायला?"

झालं. इकडून एक, तिकडून एक. दोघांचा स्वभाव एकाच मातीचा, कुणी माघार घेईल तर शपथ. शेवटी मास्तर बोलून गेले, "जायचंय तर जा. पण गेलीस की इथे फोन करायचा नाही. आम्हीही करणार नाही."

"नाही करणार," भिंगरी म्हणाली.

तिने जाण्याआधी बाकीचे नेचे रोपवाटिकेत नेऊन दिले. एक तेवढा राहिला, सगळ्यात मोठा, मातीच्या जड कुंडीतला. तो तिने बाथरूमच्या खिडकीत ठेवला आणि आईला म्हणाली, "हा नंतर नेईन." मास्तर त्या वेळी गच्चीवरच्या टाकीत उतरले होते. टाकी दोनच महिन्यांपूर्वी साफ केली होती. तरी ते परत साफ करत बसले, खाली टॅक्सीचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत.

ती गेल्यावर सात महिने गेले. त्या सात महिन्यांत मास्तरांनी एक युक्ती केली होती आणि त्या युक्तीवर ते मनातल्या मनात खूश होते. घरात मोबाइल एकच, तो त्यांचा. ते दुपारी कामाला जाताना तो मुद्दाम शिवणाच्या मशीनशेजारच्या फळीवर विसरून जायचे. रोजच्या रोज. बायको हाक मारायची, "अहो, फोन राहिला!" तरी ऐकू न आल्यासारखं करून जिना उतरायचे. आपण शब्द दिलाय, आपल्याला फोन करता येत नाही. पण आईने काही शब्द दिलेला नाही. बोलू देत मायलेकींना निवांत. परत आल्यावर त्यांनी एकदाही फोन उघडून तपासलं नाही. तपासणं म्हणजे तिची चोरी पकडल्यासारखं झालं असतं. बायकोचा चेहरा मात्र न्याहाळायचे, आणि ती जरा हसरी दिसली की त्यांना वाटायचं, आज बोलणं झालेलं दिसतंय.

संध्याकाळी ते फोन घेऊन जिन्यात जाऊन बसायचे. भिंगरीचा नंबर काढायचे, फोन कानाला धरायचे, पण नंबर काही लावायचे नाहीत. नुसतं बसायचं तसंच. मनातल्या मनात दोन-चार वाक्यं बोलून बघायचे, कधी ओठ हलायचे, कधी एखादा शब्द तोंडातून बाहेरही यायचा. मग फोन खिशात टाकून वर यायचे. उद्या करू. साहेबाकडची नाचक्की जरा विस्मरणात गेली की करू.

मग एका सकाळी नऊ वाजता फोन आला. मास्तर कुणाच्या तरी सिंकखाली उताणे झोपून काम करत होते. बोलणारी मुलगी भिंगरीच्या खोलीत राहणारी होती. तिला रडण्यामुळे नीट सांगता येत नव्हतं. न्यूमोनिया म्हणाली. चार दिवस ताप होता, भिंगरी घरी कळवू देत नव्हती, काल दुपारी इस्पितळात नेलं, पहाटे गेली.

मास्तर सिंकखालून बाहेर आले, पाइप जोडला, घट्ट केला, पाणी सोडून पाहिलं. मग घरमालकिणीला म्हणाले, "माझी मुलगी गेली." ती बाई म्हणाली, "कुठे?"

दोघं नवरा-बायको त्या शहरात जाऊन आले. एक पत्र्याची पेटी घेऊन आले. त्यात कपडे होते आणि नेच्यांची चित्रं काढलेली एक वही. ज्यांना यायचं ते येऊन बसून गेले. रोपवाटिका चालवणाऱ्या बाईही आल्या होत्या, कोपऱ्यात अर्धा तास बसल्या आणि काही न बोलता गेल्या. आणि मग घर शांत झालं, म्हणजे इतकं शांत की मास्तरांना शेजारच्या घरातला नळ ऐकू यायचा आणि ते उठत नसत.

भिंगरीचं नाव दोघंही काढेनात. मास्तरांना वाटायचं, आपण बोललो तर ही कोसळेल. एकदा त्यांनी पाहिलं होतं, बायको बाथरूममधून बाहेर आली तेव्हा डोळे लाल, आणि हाताला नेच्याचं एक सुकलेलं पान चिकटलेलं. तेव्हापासून त्यांनी तो विषय जपून टाळला. पण आतून त्यांना एकच गोष्ट कुरतडत होती. बायको भिंगरीशी शेवटपर्यंत बोलत होती. शेवटचं बोलणं काय झालं असेल? आपल्याबद्दल काही म्हणाली असेल का पोर? शिव्या दिल्या असतील तरी चालेल, पण काहीतरी म्हणाली असेल ना? ते वाट बघत होते की कधीतरी बायको आपणहून सांगेल. ती सांगत नव्हती. कधी कधी त्यांना तिचा रागच यायचा. एवढं सगळं स्वतःजवळ ठेवून बसली आहे, एक घास आपल्याला द्यायला काय होतं हिला?

त्या दिवसांत एकदा आंघोळीला गेले असताना त्यांनी नेच्याच्या मातीत बोट घातलं. खडखडीत. पानांची टोकं वाळलेली. भिंगरी दुसऱ्या शहरात गेल्यापासून बायको दर रविवारी त्याला पाणी घालायची, हे त्यांना ठाऊक होतं. आता तिने सगळंच सोडून दिलेलं दिसत होतं. जेवण सुटलं, मशीन सुटलं, मग झाडाची काय कथा. तिला बोलण्यात अर्थ नव्हता. मास्तरांनी ठरवलं, हे आपण करायचं, आणि तिला कळू द्यायचं नाही. हे झाड जगलं पाहिजे. पोरीने हाताने लावलेलं घरात आता एवढंच उरलंय.

रोज सकाळी साडेपाचला उठून ते बादलीतलं शिळं पाणी तांब्याभर घालू लागले. शिळं पाणी बरं का, नळाचं नाही. नियम पाठ होते सगळे. पण पाणी घातलं की थोड्या वेळाने कुंडीच्या बुडाच्या भोकातून ठिबकायचं आणि खिडकीखालच्या फरशीवर थारोळं व्हायचं. बायको उठली की बघणार. शिवाय, टप टप! स्वतःच्या घरात! मास्तरांनी एका सकाळी कुंडी खाली उतरवली, आडवी केली आणि टाक्यांच्या भेगा बुजवायची पुटी भोकात भरली. वरून अंगठ्याने गुळगुळीत केली. काम नेहमीसारखं चोख. त्या दिवसानंतर एक थेंब बाहेर आला नाही, आणि मास्तरांना बऱ्याच दिवसांनी जरा बरं वाटलं. भोक कशासाठी असतं हे भिंगरीने त्यांना कधीतरी सांगितलंही असेल. पण बत्तीस वर्षं ज्याने भोकं बुजवली त्याला ते भोक दिसलं की हात आवरणार कसा? आतलं पाणी आतच राहिलं तर झाडालाच मिळेल, त्यांच्या दृष्टीने साधा हिशेब होता.

महिन्याभराने पानं पिवळी पडू लागली. आधी खालची, मग मधली. पानं माना टाकून लोंबायला लागली, तहानलेल्या झाडासारखी. मास्तरांनी एका तांब्याचे दोन केले. तरी पिवळंच. नवे कोंब यायचे ते गुंडाळलेलेच काळे पडायचे. सकाळी ते त्या कोंबांवरून बोट फिरवून म्हणायचे, "अरे, पी की रे बाबा. पी." आणि डोळे पुसून, तांब्या जागच्या जागी ठेवून, अंथरुणात जाऊन पडायचे.

एका सकाळी मधल्या गड्ड्याला हात लावला तर पानांचा अख्खा झुबका हातात आला, काही ओढावंही लागलं नाही. मास्तर तो झुबका हातात धरून बाथरूममध्ये उभे राहिले. मग लपवाछपवी सोडून त्यांनी कुंडी उचलली आणि पुढच्या खोलीत आणली.

"मी हे रोपवाटिकेत घेऊन जातो," ते म्हणाले.

बायकोने झाडाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि पायात चपला घातल्या. "मी पण येते."

बसमध्ये मास्तरांनी कुंडी मांडीवर घेतली. कुंडी नेहमीपेक्षा जड लागत होती. शेजारच्या माणसाने नाक मुरडलं आणि जरा सरकून बसला. मास्तरांनी त्याला काही सुनावलं नाही, यावरून काय ते समजा.

रोपवाटिकेच्या बाई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत, बोलायला एकदम रोखठोक. त्यांनी काही न विचारता कुंडी टेबलावर घेतली, मातीला नाक लावलं आणि चेहरा कसनुसा केला. झाड उपटून पाहायला कुंडी उलटी केली, तर बुडाकडे बघतच राहिल्या.

"हे काय आहे?"

"पुटी," मास्तर म्हणाले. "गळत होतं."

"गळत होतं?" बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मास्तर आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थी झाले. "अहो, गळायलाच पाहिजे! त्यासाठीच भोक असतं ते!" त्यांनी पेचकस घेऊन पुटी फोडली. आतून काळं पाणी आलं आणि शेडभर सडका वास पसरला. मुळं मुळं राहिली नव्हती, नुसता लगदा. बाईंनी बोटांनी मधला गड्डा दाबला, परत दाबला, मग एका बाजूने चाकूने कापून आत पाहिलं. आत कुठेही हिरवं नव्हतं.

"गेलंय हे," त्या म्हणाल्या. आवाज जरा उतरला होता. "तहानेनेही नेचा मान टाकतो आणि बुडाल्यावरही तसाच टाकतो. माणसं फसतात. पाणी कितीदा घालत होतात?"

"रोज सकाळी," मास्तर म्हणाले.

"रोज संध्याकाळी," बायको म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तू घालत होतीस?"

"तुम्ही घालत होतात?" बायकोचा आवाज चढला. "मी घालते ते पाणी खाली येत नाही, मला वाटायचं पिऊन टाकतंय सगळं, तहानलंय, म्हणून मी अजून घालायचे. आणि तुम्ही... तुम्हाला तर आवडायचंसुद्धा नाही ते!"

"मला वाटलं तू सोडून दिलंस. माती कोरडी होती."

"पहिले दोन आठवडे. पहिले दोन आठवडे मला दिवस उगवल्याचं कळत नव्हतं. मग माझं मीच घालायला लागले, तुम्ही खाली फिरायला गेलात की. तिचं झाड मी सोडून देईन?"

"मग मला सांगायचं ना!"

"तुम्ही सांगितलंत? तिचं नाव घेतलंत तर तुमची जीभ झडणार होती का?"

मास्तरांचा तोल गेला. बाई समोर आहेत, आपण परक्या जागी आहोत, कशाचंच भान राहिलं नाही. "तुझं बरं आहे!" ते ओरडले. "तुझ्याशी ती बोलत होती! सात महिने बोलत होती! तुझ्याजवळ तिचं सगळं आहे, आणि मला त्यातलं एक वाक्य दिलं नाहीस तू. माझ्याजवळ काय होतं? हे एवढं झाड होतं माझ्याजवळ."

बायको एक पाऊल मागे सरकली.

"माझ्याशी?" ती म्हणाली. "माझ्याशी कुठे बोलत होती?"

"दुपारी. मी फोन ठेवून जात होतो ना रोज. तुझ्यासाठी."

"मी हातसुद्धा लावला नाही त्याला." तिने शेडच्या खांबाला धरलं. "तुम्ही बोलत होतात ना तिच्याशी? जिन्यात? मी दारातून बघायचे. फोन कानाला, हळू हळू बोलताय. म्हटलं, देवा, बापलेकीचं जमलं एकदाचं. मध्ये मी तोंड घातलं आणि तुमचा शब्द मोडल्याचं मला कळलंय हे तुम्हाला समजलं, तर परत बिनसेल. म्हणून मी... अहो, तुम्ही बोलत होतात ना?"

मास्तरांनी मान हलवली. नाही म्हणून.

"एकदाही नाही?"

"लावलाच नाही मी. नुसता कानाला धरायचो."

बायकोच्या तोंडून एक आवाज निघाला. तो रडण्याचा नव्हता, जनावराला लागल्यावर निघतो तसा होता. शेडमध्ये काम करणाऱ्या दोन बाया हातातली रोपं तशीच ठेवून वळून बघू लागल्या. मास्तरांच्या डोक्यात फक्त महिने मोजले जात होते. दोघंही घरात, फोन घरात, नंबर फोनमध्ये. आणि त्या पोरीचा फोन सात महिन्यांत आईबापाकडून एकदाही वाजला नव्हता.

रोपवाटिकेच्या बाईंनी चाकू खाली ठेवला. हात फडक्याला पुसले, परत पुसले.

"माझ्याकडे करायची ती फोन," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी, तीन आठवड्यांनी. झाडांचं विचारायला."

"शेवटचा कधी केला?" मास्तरांनी विचारलं.

"जायच्या आधी आठवडाभर असेल. खोकत होती."

"खोकत होती?"

"दोन वाक्यं झाली की खोकायची. म्हणाली, काचघरात दिवसभर ओल असते, अंगावर पाणी असतं, बसलाय खोकला. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव बाई, हे बरं नाही."

"मग तुम्ही आम्हाला का नाही सांगितलं?" बायको म्हणाली. "इथून तिथे तर घर आहे आमचं! एकदा येऊन सांगायचं होतं, पोर खोकतेय म्हणून! मी त्याच पावली गेले असते, उचलून आणलं असतं तिला."

"मला काय ठाऊक ताई, तुमचं बोलणं नव्हतं ते? तुम्ही आईबाप. मला वाटलं, घरी माहीत असेलच, मी मध्ये कशाला नाक खुपसू." बाईंचेही डोळे भरले होते. "तरी मी विचारलं होतं तिला. घरी कळवलंस का म्हणून."

"काय म्हणाली?"

बाईंनी टेबलावरची सडकी मुळं फडक्याने एका बाजूला लोटली.

"काय म्हणाली ती?" मास्तरांनी परत विचारलं. एवढ्या महिन्यांत त्यांना कुणाला विचारायचं होतं ते हेच होतं. "माझ्याबद्दल काही वाईट म्हणाली असेल तरी सांगा. मला ऐकायचंय."

"वाईट नाही हो म्हणाली." बाईंनी वर पाहिलं. "म्हणाली, बाबांचा फोन आला की सांगेन. आता येईलच त्यांचा. त्यांचा राग काही फार दिवस टिकत नाही."

मास्तर शेजारच्या खताच्या पोत्यावर बसले. बायको येऊन त्यांच्या समोर जमिनीवर बसली, तिथल्या चिखलातच. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"टिकला गं," ते म्हणाले. "सात महिने टिकला माझा राग."